सभागृहातली अर्धी बाटली

१

कात्रीने शिवण कापली, लाखेचे तुकडे टेबलावर पडले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून सलाइनची बाटली बाहेर आली. नरहरी वैरागडेने ती उजेडाकडे धरली. बाटली अर्धी भरलेली होती. आतलं पाणी मात्र नितळ होतं, त्यात कण म्हणून दिसत नव्हता.

मग सत्ताधारी बाकांवर कोणीतरी हसलं, त्याच्यामागे दुसरं, आणि पाहता पाहता बाकं वाजायला लागली.

नरहरी रायपूरच्या नव्या विधानसभेचा सुरक्षा अधिकारी. राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. भोपाळहून आलेली कपाटं अजून गॅलरीत उभी होती, दारांना रंगाचा वास होता. नरहरी मात्र जुना पोलीसवाला. इन्स्पेक्टर म्हणून हाडं झिजवल्यावर त्याची इथे नेमणूक झाली होती. विधानसभेत पोलिसांना परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. तिथे काही कमीजास्त झालं तर जबाबदार तोच.

प्रश्न होता आमदार यज्ञेश्वर दाणींचा. दाणी विरोधी पक्षाचे, रायपूरच्या तात्यापारा या मराठी वस्तीत वाढलेले, शाळेत नरहरीच्या बाकावर बसलेले. अभनपूरच्या पलीकडे एका लहानशा आरोग्य केंद्रात बाळंतपणानंतर सलाइन लावलेल्या तीन बाया हुडहुडी भरून मेल्या होत्या. त्या सलाइनची तपासणी झाली का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आरोग्यमंत्री उदयभान दुबे उभे राहिले. "मौतें खून की कमी से हुई हैं, अध्यक्ष महोदय. दवाई में कोई खराबी नहीं पाई गई."

"मग ती बाटली सभागृहानेच पाहावी," दाणी हिंदीत कडाडले. त्यातल्याच एका बाईला लावलेली बाटली त्यांनी तिथल्या नर्सकडून मिळवली होती. नियमाप्रमाणे पार्सल सकाळीच नरहरीच्या कार्यालयात जमा झालं होतं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, वर लाखेचं सील. घेताना दोऱ्याचं टोक नरहरीच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकलं होतं आणि कापडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चुण्या पडल्या होत्या. त्याने त्या हाताने सारख्या केल्या आणि पार्सल कपाटात ठेवून दिलं.

असल्या वस्तू सभागृहात उघडायला अध्यक्ष सहसा परवानगी देत नाहीत. आज मंत्र्यांनीच हात जोडले. "खुलवा दीजिए महोदय. सरकार को कोई आपत्ति नहीं."

नरहरीने पार्सल आणून टेबलावर ठेवलं. दाणी पुढे आले, त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं. "सदन देख ले. सिस्टर ने जैसा सिलकर दिया था, वैसा ही है. सील भी मेरी है."

आणि आता ही नितळ बाटली. मंत्र्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. त्या केंद्राला पाठवलेल्या मालातली ती नव्हतीच. तिची बॅचच वेगळी होती.

दाणींनी मान खाली घातली. "मुझे धोखा दिया गया है, महोदय. मैं अपना प्रश्न वापस लेता हूँ."

तेवढ्यात वरच्या प्रेक्षक गॅलरीतून एका बाईचा आवाज फाटला, तोही मराठीत:

"हे माही बाटली नाही! बदलवली! बदलवली कोणंतरी!"

पहारेकरी तिच्याकडे धावले. खाली, टेबलापाशी उभ्या असलेल्या नरहरीचा हात खिशाकडे गेला. सकाळपासून ते पार्सल त्याच्याच कपाटात होतं, आणि किल्ली त्याच्याच खिशात.

२

बाईचं नाव कमला रामटेके. त्या आरोग्य केंद्रातली नर्स. वडील गोंदियाकडून रेल्वेत आलेले. ती रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्येच लहानाची मोठी झालेली. गॅलरीत ओरडणं हा गुन्हा, म्हणून तिला नरहरीच्या खोलीत आणून बसवलं होतं.

"पाणी घ्या सिस्टर."

"पाणी नको साहेब. मले आत जाऊ द्या. मी त्या मंत्र्याले तोंडावर सांगते."

"आत काही होत नाही आता. मले सांगा."

तिने पदर तोंडावर दाबला, मग सोडला. "माह्या बाटलीत बुरशी होती. कापसाची वात पाण्यात पडावी तशी, बारीक, तरंगणारी. शांताले लावली होती ते. अर्धी गेली न् पोरगी थरथरायले लागली. मी नळी उपसून फेकली. पण जायचं ते आत गेलं होतं. बाळाले एकदा पाजलं बी नव्हतं तिनं."

"ती बाटली तुम्ही लपवली."

"डॉक्टर म्हणे कचऱ्यात टाक. मी पिशवीत टाकली. मंग दाणी साहेबाकडं नेली, आपला मराठी माणूस म्हणून."

नरहरीने मनाशी ताडून पाहिलं. सभागृहात निघालेली बाटलीही अर्धीच होती. म्हणजे बदलणाऱ्याला मूळ बाटली अर्धी असल्याचं ठाऊक होतं. नुसतं कपाट उघडून हाती लागेल ती बाटली ठेवणाऱ्याचं हे काम नव्हतं.

"तो माल अजून आहे तिथं?"

"खोकेच्या खोके. वरून आदेश नाही म्हणून वापरून राहिले. माह्या पाळीत मी लावत नाही. पण मी घरी गेली का दुसरी लावते. तिची काय चुकी? बाटल्या त्याच आहेत."

तिला पाठवून तो बाहेर आला तर विधानसभेचे सचिव उभेच होते. त्यांनी फार शब्द खर्च केले नाहीत. विरोधक म्हणतायत सुरक्षा कार्यालयाने बाटली बदलली. मंत्रीजी म्हणतायत नर्स खोटी. दोघांपैकी कोण, ते आठवडा संपायच्या आत अध्यक्षांना हवं. नर्सचं निलंबन निघालंच आहे. दुसरं निलंबन काढायचं की नाही, ते तुमच्या उत्तरावर.

नरहरीने शामरावला आत बोलावलं. शामराव त्याचा हाताखालचा जुना शिपाई, भंडाऱ्याकडचा. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे. त्याच्या मुलीला नुकताच सरकारी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कसा मिळाला, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"शामराव, सकाळी मी सभागृहात गेल्यावर कपाट कोणी उघडलं?"

शामरावने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्याची मान वर होईना.

"मीच उघडलं, साहेब."

३

"काहून?"

"दाणी साहेबाचा तो पोट्टा आला होता. अभिनव. म्हणे, भैया, एक बार देख लूँ, ठीक से रखा है ना. मी उघडून दाखवलं. त्यानं हात लावला, मी ठेव म्हटलं, त्यानं ठेवलं. पोरीची शपथ साहेब, एवढंच झालं. तिची सीट तिच्या मार्कांची आहे."

"तू पूर्ण वेळ तिथंच होता?"

"नजर हलवली नाही."

अभिनव दाणींचा स्वीय सहायक. प्रश्न टाईप करण्यापासून दाणींच्या बायकोचं गॅस सिलिंडर आणण्यापर्यंत सगळी कामं तोच करी. नरहरी शंकर नगरला दाणींच्या कार्यालयात पोचला तर त्याची खुर्ची रिकामी होती. दाणींनी त्याला दुपारीच कामावरून काढलं होतं. "घरातच साप निघाला," असं ते पत्रकारांना सांगून मोकळेही झाले होते. त्याचं नाव घेतलं नव्हतं. पण ज्याला समजायचं त्याला समजलं होतं.

नरहरी दुसऱ्या दिवशी सकाळी गुढियारीच्या बाजारपेठेत गेला. मालधक्क्याकडून येणाऱ्या हातगाड्यांच्या गर्दीत अभिनवच्या वडिलांचं पोत्यांचं दुकान होतं. पोरगा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. घरचे मराठी, तो हिंदीतच बोलला.

"अंकल, मैंने कुछ नहीं किया."

"कपाट काहून उघडायला लावलं मंग?"

"दाणी भैया ने भेजा था. बोले, जा, देखकर आ. और शामराव के सामने देखना, अकेले मत देखना. मैंने वही किया."

"'शामरावच्या समोर' असं म्हणाले?"

"हाँ. अब वही बोल रहे हैं कि मैं बिक गया." त्याचे डोळे भरले. "बाबूजी तीन दिन से दुकान में मुँह छुपाकर… नहीं, कल से. कल से ही. लगता है कब से."

परत येताना नरहरीच्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत राहिलं. पार्सल नीट आहे का हे पाहायला माणूस पाठवणं समजण्यासारखं होतं. पण तो हात लावताना कोणीतरी पाहिलाच पाहिजे, अशी तजवीज कोण करतं? आणि कशाला?

दाणींवर शंका घ्यायला मन धजत नव्हतं. अपमान झाला तो दाणींचा. सगळ्या राज्यासमोर ज्याचं नाक कापलं गेलं, त्यानेच सुरी आणली, असं कोण म्हणेल? शिवाय दाणी ते शाळेतलं पोर होतं, ज्याने मास्तरांसमोर उभं राहून 'हे चुकीचं आहे' म्हटलं होतं आणि छड्या खाल्ल्या होत्या.

पण एक माणूस अजून नीट विचारायचा राहिला होता. बाटली मुळातच खोटी असेल तर? नर्सनेच दुसरी दिली असेल तर? नरहरीने जीप अभनपूरच्या रस्त्याला घातली.

४

कमला केंद्राच्या मागच्या ओसरीत बसली होती. निलंबनाचा आदेश हातात पडला तरी ती घरी गेली नव्हती. एका शेतकऱ्याच्या पायाला विळा लागला होता, डॉक्टर जागेवर नव्हते, आणि दुसरी नर्स घाबरली होती. म्हणून कमला खाली बसून त्याला टाके घालत होती.

नरहरी दारात थांबला. ती सुई चामडीतून काढी, काळा रेशमी धागा ओढी, गाठ मारी आणि कापून टाकी. मग पुढचा टाका. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ.

"एकाच दोऱ्यानं सरळ काहून नाही शिवत?" त्याने सहज विचारलं.

"एक टाका तुटला तर सारी जखम उसवते न साहेब. असं केलं का एक गेला तरी बाकीचे धरून राहतात."

तो शेतकरी लंगडत गेल्यावर नरहरीने विषय काढला. "पार्सल कोणी शिवलं होतं?"

"मीच. दाणी साहेबाच्या बैठकीत बसून. घरात सुई-दोरा सापडेना, तर माह्या पिशवीतला हाच धागा काढला. हाताले सवय, असेच टाके पडले."

नरहरी ओसरीच्या खांबाला टेकला. त्याला आपलं मनगट आठवलं. दोऱ्याचं टोक घड्याळाच्या पट्ट्यात अडकलं, हात मागे घेतला, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड चुणत गेलं. पांढरा दोरा. एकसलग धावदोरा. गाठी मारलेले सुटे टाके असते तर फार तर एक टाका ताणला असता; बाकीचं कापड हललंही नसतं.

याचा अर्थ सरळ होता. त्याच्या हातात आलं तेव्हाच पार्सल बदललेलं होतं. शामराव सुटला. अभिनवने कपाटात हात घातला तो नुसता दाखवायला. त्याआधीच काम झालं होतं.

पण अभिनवने ते आदल्या दिवशी दाणींच्या घरी बदललं असलं तर? पार्सल तिथेच होतं. हेही होऊ शकत होतं.

"सिस्टर, तुम्ही शिवलं ते कोणी पाहिलं?"

"दाणी साहेबानं. समोरच तर बसले होते. लाख त्यांनीच लावली, गाठीगाठीवर." ती किंचित थांबली. "हसले बी होते. म्हणे, सिस्टर, पोटाचं ऑपरेशन केल्यासारखं शिवलं तुम्ही."

नरहरी जीपकडे वळला. दाणींनी सभागृहात शिवणीवरून बोट फिरवलं होतं. सगळ्यांच्या देखत.

५

पुढच्या सकाळी दाणींच्या घरी त्यांच्या बायकोने, मंजिरीवहिनींनी, दार उघडलं. दाणी आंघोळीला गेले होते. वहिनींनी पोहे पुढे ठेवले.

"भाऊजी, तुमच्यावर पण बालंट आलं म्हणे. ह्यांना तर जेवण जात नाही."

"वहिनी, सिस्टरनं इथं पार्सल शिवलं तेव्हा तुम्ही होत्या?"

"होते की. कात्री मीच दिली तिला. काळा धागा, इवल्या इवल्या गाठी. हे म्हणाले पण, ऑपरेशन केल्यासारखं शिवलंय. मी म्हटलं, अहो, पांढऱ्या कापडावर काळं किती वाईट दिसतंय, मी पांढऱ्याने शिवून देते. तर म्हणाले, राहू दे, सिस्टरची खूण आहे ती."

नरहरीच्या हातातला घास तसाच राहिला. त्या बाईला कल्पनाही नव्हती की ती काय सांगतेय.

दाणी बाहेर आले, ओल्या केसांचे, पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. नरहरीचा चेहरा पाहून त्यांनी बायकोला चहाच्या निमित्ताने आत पाठवलं.

"काहून केलं रे, यज्ञू?"

"काय?"

"अभिनवनं बदललं असतं, तर सभागृहात ते पार्सल हातात घेतल्याबरोबर तू ओरडला असता. काळे टाके जाऊन पांढरा धावदोरा झालेला. बोट फिरवलं तू त्याच्यावरून. अन् म्हणाला, सिस्टरनं दिलं तसंच आहे. तसं नव्हतं, अन् तुले ठाऊक होतं. दुबेलेही ठाऊक होतं, म्हणूनच तो खुशाल उघडा म्हणाला. बाटली अर्धीच ठेवायची, हे तूच जाणत होता. अन् पोट्ट्याले मुद्दाम शामरावच्या नजरेसमोर पाठवलं, का पुढं कोणाकडं तरी बोट दाखवता यावं."

दाणी खिडकीशी गेले.

"शिवलं कोणं?" नरहरीने विचारलं.

"मीच. मंजिरी देवळात गेली होती. सुईत दोरा ओवता येईना."

"मंग काहून?"

"दुबे भेटला. म्हणाला, प्रश्न लावून धरलास तर समिती बसेल, समितीवर समिती, तोवर माल चालूच राहील, कारण थांबवला तर सरकार दोषी ठरतं. तू गप्प झालास तर आठवड्यात सगळा माल मी गुपचूप उचलतो. पण नुसतं गप्प बसून भागणार नाही, सभागृहात बाटली चांगली निघाली पाहिजे. विचार कर नऱ्या. इतकी वर्षं प्रश्न विचारतो मी. प्रश्नानं कोणी जगलं का? मी म्हटलं, पहिल्यांदा माह्या हातून काही होईल."

"अन् तुले?"

"एक सरकारी मंडळ देतो म्हणाला. अध्यक्षपद. ते मी मागितलं नव्हतं."

"नाही पण म्हटलं नव्हतं."

दाणींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"अन् सिस्टर?"

"तिले काही होऊ देणार नाही मी. चांगल्या ठिकाणी बदली करू."

"तिले निलंबित केलं, यज्ञू. अभिनव गुढियारीत भिंतीकडं तोंड करून बसला आहे."

आतून कपबश्यांचा आवाज आला. दाणी एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "माल उचलतील, नऱ्या. दुबेनं शब्द दिला आहे."

नरहरीला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला वाटलं, हे खरं निघावं. निदान एवढं तरी खरं निघावं.

६

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. शिवण, दोरा, मंजिरीवहिनींचं बोलणं. मग त्यांनी चष्मा पुसला.

सभागृहात सदस्याने उच्चारलेल्या वाक्याला कर्मचाऱ्याने खोटं म्हणणं, हा सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग होतो, असं ते अगदी मायेने म्हणाले. भंग नरहरीकडून. शिवाय प्रश्न मागे घेतलेला आहे. मागे घेतलेल्या प्रश्नाचं सभागृहाला काही ठाऊक नसतं. नर्सने चुकीची बाटली दिली असं लिहा, वैरागडेजी, तुमचं कार्यालय निर्दोष ठरतं, विषय संपतो.

"मैं नहीं लिखूँगा, साहब," नरहरी म्हणाला.

"सोच लीजिए," अध्यक्ष म्हणाले.

खोलीत येतो तर फोन वाजत होता. कमला होती, अभनपूरच्या बाजारातल्या बूथवरून.

"साहेब, माल उचलला."

नरहरीने डोळे मिटले. निदान तेवढं.

"पण फेकला नाही," ती म्हणाली. "जिल्ह्याच्या ट्रकात भरून दक्षिणेकडं पाठवला. जंगलातल्या जिल्ह्यात. ड्रायव्हरनंच सांगितलं. म्हणे, इधर शोर मच गया, उधर कोई पूछता नहीं."

नरहरीने दक्षिणेकडच्या त्या जिल्ह्याच्या औषध भांडाराला फोन लावला. भांडारपाल आनंदी होता. हाँ साहब, आ गया माल, बहुत दिन से सलाइन नहीं थी, आज से बाँट रहे हैं.

तो तसाच उठून शंकर नगरला गेला. दाणींच्या बैठकीत हारतुऱ्यांची माणसं बसली होती. मंडळाची बातमी फुटली होती. नरहरीने त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि कानात सांगितलं, माल कुठे गेला ते.

दाणींचा हात गळ्यातल्या हाराकडे गेला, तो काढणार असं नरहरीला वाटलं. शाळेतल्या त्या पोराची त्याने क्षणभर वाट पाहिली.

दाणींनी हार नीट केला आणि विचारलं, "आणिक कोणाले ठाऊक आहे हे?"

७

नरहरी रस्त्यावर आला. खरं होतं ते त्याने सांगण्यासारख्या प्रत्येक माणसाला सांगून पाहिलं होतं. आता त्याच्याकडे फक्त आवाज उरला होता. आयुष्यभर ठाण्यांमध्ये चढवलेला, सरकारी, खर्जातला आवाज.

कोपऱ्यावरच्या बूथमध्ये शिरून त्याने दार ओढून घेतलं आणि भांडारपालाचा नंबर फिरवला.

"रायपुर से बोल रहा हूँ. स्वास्थ्य मंत्रीजी का आदेश है. जो सलाइन अभी आई है, एक बोतल भी किसी को नहीं लगेगी. ताला लगाओ. जितनी बँटी है, वापस मँगाओ. समझे?"

"जी सर. जी सर. लिखित आदेश—"

"मंत्रीजी से लिखित माँगोगे?"

"नहीं सर! अभी लगाता हूँ ताला, सर."

एवढंच लागलं. कोण बोलतंय, हेही त्या माणसाने विचारलं नाही. नरहरी बूथमधून बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. खऱ्याला दारोदार हाकललं होतं, आणि खोट्याला पहिल्याच घंटीला सलाम ठोकला होता.

भांडारपालाने संध्याकाळी टाळं लावल्याचं मंत्र्यांच्या बंगल्यावर मोठ्या अदबीने कळवलं, आणि तिथे भडका उडाला. असा आदेश कोणी दिलाच नव्हता. फोन रायपूरचा, आवाज अधिकाऱ्याचा. सचिवांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरीकडे नुसतं पाहिलं आणि त्यांना कळलं. मंत्र्यांचं नाव वापरून खोटा आदेश. यात नोकरी जाते आणि तुरुंगही होतो.

पण कारवाई व्हायच्या आधीच बातमी विधानसभेत पोचली. शून्य प्रहरात एक अपक्ष सदस्य उभा राहिला. दक्षिणेकडे पाठवलेली सलाइन एकाएकी का थांबवली? कोणाच्या आदेशाने?

नरहरी दारापाशी उभा होता. मंत्री दुबे सावकाश उठले. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. आदेश खोटा म्हणावं, तर सलाइन आपण थांबवली नव्हती, हे कबूल होतं. आणि उद्या तिकडे कोणी मेलं, तर तो दोष गळ्यात. नरहरीने ते गणित आधी केलं नव्हतं. मंत्र्यांनी ते उठता उठता केलं.

"अध्यक्ष महोदय, सरकार जनता के स्वास्थ्य के प्रति सजग है. दवाई में कोई दोष नहीं है. फिर भी एहतियात के तौर पर मैंने स्वयं, फोन करके, वितरण रुकवाया है."

बाकं दणाणली. विरोधी बाकांवर यज्ञेश्वर दाणीही वाजवत होते. मोठ्याने नव्हे, पण वाजवत होते.

सचिव नरहरीजवळून जाताना पुटपुटले, "बच गए, वैरागडेजी. आदेश सच्चा हो गया."

दुपारी तो रेल्वे क्वार्टरला कमलाकडे गेला. तिने सगळं उभ्याने ऐकलं.

"माल खराब होता, असं म्हणाला का तो?"

"नाही. खबरदारी म्हणून थांबवला म्हणाला."

"म्हंजे बाटली चांगलीच. अन् मी खोटी. अन् शांताचं रक्तच कमी होतं."

तिने पुन्हा विचारलं, "तिकडं कोणाले लागली तर नाही न?"

हे तो तिला सांगणार नव्हता. पण ती डोळ्यांत पाहत होती.

"एक खोकं फोन करायच्या आधीच निघून गेलं होतं. पार आत, जंगलातल्या केंद्रावर. माणूस पाठवला म्हणतात. तो अजून पोचल्याची खबर नाही."

"तिथं फोन लावा न."

"तिथं फोन नाही, सिस्टर."

कमलाने चुलीवरचं भांडं उतरवलं, पिशवी खांद्याला लावली आणि पायात चपला सरकवल्या.

"तिकडची बस कुठून भेटते?" तिने विचारलं.